सहा वर्षांच्या मुलीचे अंथरूण रात्री अजूनही ओले होते. आमचे काही चुकते आहे का?

कोथरूडची आई

आमच्या मुलीला मे महिन्यात सहा वर्षे पूर्ण झाली आणि जूनपासून ती पहिलीत जाऊ लागली आहे. अडीच वर्षांची असल्यापासून दिवसा तिचे कपडे कधी ओले होत नाहीत. रात्री मात्र आठवड्यातून चार-पाच वेळा अंथरुणात शू होतेच, आणि सलग आठवडाभर ती कोरडी राहिली असे आजवर एकदाही घडलेले नाही. पाच वर्षांची होईपर्यंत आम्ही रात्री डायपर वापरत होतो. डायपरमुळेच तिला सवय लागत नाही असे सासूबाईंचे म्हणणे पडले, म्हणून तो बंद केला. त्यालाही आता वर्ष होऊन गेले, पण फरक नाही.

सध्या संध्याकाळी सहानंतर तिला पाणी देणे आम्ही जवळजवळ बंद केले आहे. रात्री बारा वाजता हे तिला उचलून बाथरूममध्ये नेतात आणि पहाटे चारला मी नेते. एवढे करूनही मधल्या वेळेत चादर भिजलेली सापडते. त्यात हा पावसाळा. बाल्कनीत टाकलेल्या गोधड्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि घरात वास राहतो. मी चिडत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मागच्या आठवड्यात पहाटे चादर ओढताना मी काहीतरी बोलून गेले, तेव्हा तिने विचारले, "आई, मी हे मुद्दाम करते का गं?" तेव्हापासून मला चैन नाही. गणपतीला साताऱ्याला मामाकडे जायचे आहे, पण ती आतापासूनच नको म्हणते आहे, आणि तिचे कारण मला ठाऊक आहे.

हा आजार आहे का, रात्री उठवणे चालू ठेवावे का, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेठेतला बाबा

ताई, तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारला तो लहानपणी मला कोणालाही विचारता आला नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. मी दहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओले करत होतो. शनिवार पेठेतील एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या, आणि माझी गोधडी रोज सकाळी चौकातल्या दोरीवर पडत असल्यामुळे रात्री काय झाले ते साऱ्या बिऱ्हाडांना कळत असे. वडिलांचे रागावणे, काकांनी चटका देण्याची धमकी घालणे, पाहुण्यांसमोर "हा अजून तान्हाच आहे" असे सांगणे, हे सगळे होऊन गेले. त्यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही, आणि पुढे कोणी काही न करताच ते थांबले.

एक गोष्ट मी त्या वेळी कोणाला सांगितली नाही, कारण ती कोणी विचारलीच नाही. आमचा संडास चौकाच्या पलीकडे होता. कधीकधी मला जाग येत असे, परंतु त्या अंधारातून एकट्याने जाण्याची भीती इतकी वाटे की मी पाय पोटाशी घेऊन तसाच पडून राही, आणि पुन्हा डोळा लागला की व्हायचे ते होई. तुमच्या मुलीला एखाद्या दुपारी, अंथरुणाचा विषय डोक्यात नसताना, सहज विचारून पाहा की रात्री कधी जाग येते का आणि उठायला भीती वाटते का. उत्तर काहीही आले तरी पलंगापासून बाथरूमपर्यंत एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा आणि आईबाबांना हाक मारली तर ते रागावणार नाहीत, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे.

दुसरे म्हणजे, तुम्हा दोघांपैकी कोणाला लहानपणी असे होत होते का, याची घरातल्या मोठ्या माणसांकडे चौकशी करा. हा प्रकार घराण्यात चालत येतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते आणि दोघांनाही असेल तर ती ७५ टक्क्यांच्या आसपास जाते, असे आमच्या डॉक्टरांनी मला माझ्या मुलाच्या वेळी सांगितले होते. ते ऐकल्यावर मुलाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

निवृत्त परिचारिका

मी बालरुग्ण विभागात २६ वर्षे काम केले आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी साधारण १५ मुले रात्री अंथरूण ओले करतात आणि दहाव्या वर्षी हे प्रमाण ५ पर्यंत उतरते. म्हणजे तुमच्या मुलीच्या वर्गात ४० मुले असतील, तर त्यांतील चार-पाच जणांच्या घरी आज सकाळी चादर धुतली गेली असेल. ती मुलेही घरी सांगत नाहीत आणि त्यांचे पालकही एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून प्रत्येकाला आपलेच मूल निराळे वाटते.

असे का होते ते समजले की राग बराचसा ओसरतो. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सुटते आणि ते मूत्रपिंडांना लघवी कमी तयार करायला लावते. काही मुलांमध्ये रात्रीची ही वाढ उशिरा सुरू होते, त्यामुळे त्यांच्या मूत्राशयात रात्रीही दिवसाइतकीच लघवी जमत राहते. काहींचे मूत्राशय रात्री पुरेसे ताणत नाही आणि अर्धे भरताच आकुंचन पावते. आणि या जवळजवळ सर्वच मुलांच्या बाबतीत भरलेल्या मूत्राशयाचा निरोप त्यांच्या झोपेपर्यंत पोचत नाही. या तिन्हींपैकी एकही गोष्ट मुलाच्या हातात नाही. तेव्हा तिला आजच सांगा की तू हे मुद्दाम करत नाहीस, तुझ्या शरीराचा रात्रीचा एक भाग अजून शिकतो आहे. हे आईच्या तोंडून एकदा ऐकल्यावर पुष्कळ मुले त्या रात्री निवांत झोपतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता पाण्याविषयी. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद करण्यापूर्वी तिची शाळेची बाटली किती भरलेली परत येते ते पाहा. सकाळी सातची बस पकडणारी आपल्याकडची बहुतेक मुले एक वाजेपर्यंत दोन घोट पाणी पितात, शाळेतील स्वच्छतागृहात जायला नको म्हणून शू धरून ठेवतात, घरी आल्यावर तहान भागवायला सुरुवात करतात आणि झोपताना वर पेलाभर दूध घेतात. दिवसभराचे पाणी असे संध्याकाळी चार ते नऊ या वेळेत गोळा झाले, तर ते रात्रीच बाहेर पडणार. म्हणून दिवसाच्या पाण्याचा मोठा वाटा दुपारपर्यंत पोटात जायला हवा, आणि संध्याकाळी तहान भागेल एवढेच द्यावे. तहानलेले मूल तसेच झोपवू नये. चहा, कोला आणि चॉकलेटची पूड घातलेले दूध संध्याकाळी टाळावे, कारण त्यांतील कॅफिनमुळे लघवी वाढू शकते आणि मूत्राशयही चाळवते. रात्रीचे दूध सकाळी किंवा शाळेतून आल्यावर द्या. दिवसा दर दोन-तीन तासांनी तिने शूला जायला हवे. त्यासाठी वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी लिहा, की मधल्या सुट्टीत तिला आठवण करावी आणि तासाला परवानगी मागितली तर अडवू नये. झोपण्यापूर्वी अर्धा तास एकदा आणि दिवा मालवताना पुन्हा एकदा शूला पाठवा.

यापेक्षाही ज्या गोष्टीकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छिते ती म्हणजे तिचे पोट. मूत्राशयाच्या मागेच गुदाशय असते आणि ते घट्ट मळाने भरलेले राहिले की मूत्राशयाला फुगायला जागा उरत नाही. मूल रोज संडासला जाते म्हणून पालक निश्चिंत असतात, परंतु रोज थोडेसे कडक खडे पडतात आणि मागे साठा राहतो, असे फार वेळा आढळते. तिला कुंथावे लागते का, खूप मोठा किंवा खडेखडे मळ होतो का, चड्डीला डाग लागतात का, हे पाहा. आपल्या फ्लॅटमध्ये आता कमोडच असतात, आणि त्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळत राहिल्यामुळे खालचे स्नायू सैल होत नाहीत; त्यामुळे ना पोट नीट साफ होते, ना मूत्राशय पूर्ण रिकामे होते. पायांखाली एक घट्ट बसणारा पाट किंवा छोटे स्टूल ठेवा.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन याच, परंतु घाई कशात करायची ते वेगळे सांगते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले, आणि त्याबरोबर तहान फार लागणे, वारंवार भरपूर लघवी होणे, वजन उतरणे, मूल मलूल होणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण लहान मुलांतील मधुमेहाची सुरुवात अशी होऊ शकते. लघवीला जळजळ, ताप, दिवसाही चड्डी ओली होणे, धार बारीक असणे, कमरेच्या खाली पाठीवर खळगा किंवा केसांचा झुबका असणे, चालण्यात फरक पडणे, यांसाठीही थांबू नये. तोंड उघडे ठेवून मोठ्याने घोरणाऱ्या मुलांमध्ये वाढलेल्या ॲडिनॉइडमुळे, म्हणजे नाकामागच्या गाठींमुळे, झोप बिघडून अंथरूण ओले होऊ शकते, हे पुष्कळांना माहीत नसते.

हडपसरहून

परिचारिकाताईंनी लिहिलेले सगळे पटले, तरी रात्री उठवण्याचा माझा अनुभव चांगला आहे, तो सांगितला पाहिजे. आमच्या मुलाला साडेचार वर्षांचा असल्यापासून आम्ही रोज रात्री बारा वाजता उठवत होतो आणि पाच वर्षांचा होता होता तो पूर्ण कोरडा झाला. त्याच्या आजीने थंडीत रोज तिळाचा एक लाडूही दिला. माझ्या माहेरी हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शिस्तीने सवय लावली की लागते, असे माझे मत आहे.

निवृत्त परिचारिका

ताई, तुमच्या मुलाचे ऐकून आनंद झाला. तिळाचा लाडू मुलांनी अवश्य खावा, तो उत्तम खाऊ आहे; मात्र त्याला यावरचा उपचार समजून खरी तपासणी पुढे ढकलू नये. उठवण्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. साडेचार ते पाच या वयात कितीतरी मुले कोणत्याही उपायाविना कोरडी होतात, त्यामुळे श्रेय उठवण्याचे की वयाचे हे सांगणे कठीण आहे. झोपेतल्या मुलाला खांद्यावर टाकून नेले आणि त्याने डोळे मिटलेलेच शू केली, तर चादर वाचते एवढा फायदा होतो. पण भरल्या मूत्राशयाने आपण जागे व्हायचे असते, हे ते शिकत नाही. आई-वडिलांना आठवड्यातून एखादी रात्र पाहुण्यांच्या घरी किंवा प्रवासात उठवावेसे वाटले तर हरकत नाही, मात्र तेव्हा तिला पूर्ण जागे करून तिच्या पायांनी चालत न्यावे. कोथरूडच्या ताई मात्र रात्री दोनदा उठून दमल्या आहेत आणि त्या दमण्यातूनच पहाटेचे ते बोलणे आले असावे. त्यांनी हे उठवणे काही आठवडे थांबवावे असे मी सुचवीन.

त्याऐवजी अंथरूण असे घाला की रात्री दोन मिनिटांत बदलता येईल. गादीवर जाड मेणकापड, त्यावर सुती चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि पुन्हा चादर, असे दोन थर घातले की वरचा थर ओढून काढायचा आणि लगेच झोपायचे. पावसाळ्यात तिला गोधडीऐवजी चटकन वाळणारे पातळ पांघरूण द्या. ओली चादर आधी थंड पाण्यात बुडवून मग धुवावी, म्हणजे वास धरत नाही. आणि शाळेला कितीही उशीर होत असला तरी ओल्या रात्रीनंतर मुलीला अंघोळ घालूनच पाठवा; वर्गातील एखाद्या मुलीने वासावरून काही म्हटले तर ते तिला वर्षानुवर्षे सलत राहील.

कोथरूडची आई

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

मी शाळेची बाटली तपासली. पाऊण लिटरची बाटली पाच दिवसांपैकी चार दिवस जवळजवळ तशीच परत आली. मुलीला विचारले तेव्हा तिने सांगितले की शाळेतील स्वच्छतागृहाच्या दाराची कडी लागत नाही, म्हणून ती घरी येईपर्यंत जातच नाही. सकाळी सात ते दुपारी दीड! हे मला पहिल्या दिवसापासून कळायला हवे होते. शिक्षिकांना चिठ्ठी दिली; आता मधल्या सुट्टीत तिची एक मैत्रीण दाराशी उभी राहते.

दोन रविवारी मापाच्या भांड्याने तिची लघवी मोजली. एका वेळचे सर्वांत मोठे माप १२० मिलिलिटर आले. हे कमी आहे का? बालरोगतज्ज्ञांनी लघवी आणि साखर तपासली, दोन्ही ठीक आहेत. मात्र पोट हाताने तपासताच मळ साठल्याचे सांगितले आणि मळ मऊ करणारे औषध दिले. तुळशीबागेतून लाकडी पाट आणून कमोडपुढे ठेवला आहे.

पेठेतल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे सासूबाईंना विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या की मुलीचे बाबाही आठ वर्षांचे होईपर्यंत अंथरूण ओले करत होते. यांनाही ते आठवत होते, पण संकोचामुळे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. त्या रात्री त्यांनी मुलीला जवळ घेऊन स्वतःहून सांगितले. ती त्यांच्याकडे पाहतच राहिली.

आमच्या ओळखीच्या एकांनी यावर गोळी असल्याचे सांगितले आहे आणि दुसऱ्यांनी अलार्मविषयी. त्यांबद्दल कोणी लिहील का?

निवृत्त परिचारिका

मुलाच्या वयात एक मिळवून ३० ने गुणले की मूत्राशयात साधारण किती मावायला हवे ते मिलिलिटरमध्ये मिळते. सहा वर्षांना ते २१० येते, म्हणजे १२० नक्कीच कमी आहे, आणि याचा संबंध दिवसभर धरून ठेवण्याशी व साठलेल्या मळाशी असू शकतो. पोट साफ राहू लागले की दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. औषध मात्र सुधारणा दिसताच स्वतःहून थांबवू नका, कारण ताणलेले गुदाशय पूर्ववत व्हायला कित्येकदा काही महिने जातात.

गोळी म्हणजे डेस्मोप्रेसिन. ती व्हॅसोप्रेसिनसारखे काम करते आणि ज्या मुलांना रात्री लघवी जास्त होते त्यांना सहलीपुरती किंवा काही महिने डॉक्टर देतात; घेत असेपर्यंत गुण येतो, बंद केल्यावर मात्र पुष्कळदा मूळपदावर येते. ती घेण्याच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जवळजवळ वर्ज्य असते. तरीही पाणी प्यायले गेले तर रक्तातील सोडियम उतरून झटके येण्याचा धोका असतो, म्हणून शेजाऱ्यांकडची गोळी आणून कधीही देऊ नये. तुमच्या मुलीच्या बाबतीत आधी पोट आणि पाणी यांना वेळ द्यावा असे मला वाटते.

पेठेतला बाबा

अलार्म आम्ही माझ्या मुलासाठी तो आठ वर्षांचा असताना वापरला, तो अनुभव सांगतो. चड्डीला एक छोटा सेन्सर लावायचा असतो आणि पहिले थेंब पडताच तो वाजतो. ही पद्धत १९३८ पासून माहीत आहे आणि जी कुटुंबे ती नेटाने चालवतात त्यांच्यातील सुमारे दोनतृतीयांश मुलांना तिचा उपयोग होतो. "नेटाने" हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे. पहिले दोन आठवडे अलार्मने सगळे घर जागे होत असे, फक्त तो सोडून. मी त्याला उठवून बसवायचो, तोंडावर पाणी मारायचो, तो स्वतः आवाज बंद करून बाथरूममध्ये जाऊन उरलेली शू करायचा, आणि आम्ही दोघे मिळून चादर बदलायचो. तिसऱ्या आठवड्यात ओल्या डागाचा आकार लहान होऊ लागला, पाचव्यात तो आवाजाने स्वतः उठू लागला आणि अकराव्या आठवड्यात सलग १४ कोरड्या रात्री झाल्यावर आम्ही यंत्र काढून ठेवले.

ताई, मुलाची स्वतःची इच्छा असल्याशिवाय आणि तीन महिने झोपमोड सोसण्याची घराची तयारी असल्याशिवाय हे सुरू करू नका. सहा ते आठ आठवड्यांत जराही फरक दिसला नाही, तर थांबून काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा. अर्धवट सोडलेला प्रयोग आपण हरलो म्हणून मुले मनाला लावून घेतात.

कोथरूडची आई

गणपती होऊन गेले. ती साताऱ्याला आली. मामीला मी फोनवर आधीच सांगितले होते आणि मेणकापड व दोन चादरी मुलीने स्वतःच्या पिशवीत भरून घेतल्या. पाच रात्रींपैकी दोन ओल्या झाल्या; मामीने कोणासमोर अवाक्षर काढले नाही. घरच्या वहीप्रमाणे गेल्या महिन्यात आठवड्याला सरासरी दोन ओल्या रात्री येत आहेत, पोट रोज साफ होते आणि रविवारी मोजलेले माप १६० वर आले आहे. अलार्मचा विचार ती सात वर्षांची झाल्यावर, तिला विचारून करू. फक्त पुढे थंडी येते आहे आणि मागच्या डिसेंबरात फार त्रास झाला होता, त्याची धास्ती वाटते.

निवृत्त परिचारिका

थंडीत घाम कमी येतो आणि लघवी जास्त होते, शिवाय उबदार पांघरुणातून उठावेसेही वाटत नाही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ओल्या रात्री वाढल्या तर औषध निष्फळ ठरले असे समजू नका. पायांत मोजे, अंगात सहज निघेल अशी विजार आणि बाथरूमच्या वाटेवर जाजम, एवढी व्यवस्था आताच करून ठेवा. थंडीत मुलांना तहान कमी लागते, म्हणून शाळेतले पाणी पुन्हा घटेल, तेव्हा बाटलीवर लक्ष असू द्या. वही चालू ठेवा, आणि डिसेंबरातील रात्रींची तुलना मागच्या डिसेंबराशी करा, या सप्टेंबराशी नको.